हिरव्या रंगाचे तपासनीस

जगात हिरव्या रंगाचे एकूण प्रकार किती, हे फक्त दोघांना माहीत आहे. एक तो वर बसलेला, आणि दुसरे चेन्नईच्या आंबत्तूरला राहणारे आमचे साडू. त्यातही वरच्याला कधी शंका आली तर तो साडूंना विचारून घेत असावा, अशी माझी समजूत आहे. उलट मात्र कधी घडलेलं नाही. रंगाच्या बाबतीत साडूंनी जन्मात कुणाला काही विचारलं नाही. एखादा माणूस आपल्या विद्येत इतका ठाम असला, की त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या घरची कॉफी पिणं शहाणपणाचं असतं, आणि साडूंच्या घरची कॉफी फार सुरेख असे. ती अक्का करायची. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण.

मी मूळचा साताऱ्याकडचा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिशेब तपासायला म्हणून मद्रासला आलो, त्याचं चेन्नई होईपर्यंत राहिलो, आणि दरम्यान तंजावरकडच्या एका मराठी घरात लग्न करून कायमचा अडकलो. ह्या मंडळींचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले ते भातशेतीत रुजले. त्यांचं मराठी ऐकून मला वाटे, कुणीतरी जुन्या बखरीचं पान मोठ्यानं वाचतंय, तेही तमिळ चालीवर. माझ्या बोलण्याला ते लोक 'पुण्याची मराठी' म्हणत. साताऱ्याच्या माणसाला ह्याहून मोठा अपमान सोसावा लागत नाही, पण सासुरवाडीत बोलायचं कुणाला?

साडू संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात रंगतपासनीस होते. लष्करी गाड्यांना ठरलेला हिरवा रंग बरोबर लागलाय की नाही हे बघायचं, आणि 'पास' किंवा 'फेल' म्हणायचं, एवढंच काम. ठरलेल्या हिरव्याचा पत्र्याचा नमुना त्यांच्या टेबलाच्या खणात असे. पण तो खण उघडायची वेळ आपल्यावर कधी आली नाही, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत. ही सवय घरीही सुटली नाही. भाजीवालीच्या टोपलीतली भेंडी पास व्हायची, कढीलिंब फेल व्हायचा. माझ्या लग्नात आईनं हौसेनं साताऱ्याहून आणलेला हिरवा चुडा नवरीच्या हातात चढत असताना हे गृहस्थ पुढे झाले, बांगडी उजेडाकडे धरली आणि भर मांडवात म्हणाले, "पास. पण काठावर." माझी आई त्यांच्याशी पुढे वर्षभर बोलली नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

अशा माणसानं निवृत्तीची वाट न बघता नोकरी सोडली आणि भिंतीला लावायच्या कागदाचा धंदा काढायचं ठरवलं. निमित्त एका बिल्डरच्या नमुन्याच्या फ्लॅटचं झालं. तिथे दिवाणखान्याच्या भिंतीवर परदेशी कागदाचं अख्खं जंगल चिकटवलेलं होतं. साडू त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अय्यो, हें रान? ह्या रानांत माकडसुद्धां जीव देईल." त्या दिवसांत शहरात घरांची बांधकामं जोरात होती, पैसेवाल्यांना भिंतीवर काहीतरी वेगळं हवं होतं, आणि साडूंच्या मते ह्या सगळ्यांना कुणीतरी खोटं हिरवं विकत होतं. तेव्हा गिऱ्हाइकाच्या पसंतीचं चित्र, त्याच्या भिंतीच्या मापानं, खऱ्या रंगांत छापून द्यायचं. घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड होती, तिथे मशीन बसायचं ठरलं. कोणतं मशीन, एवढाच प्रश्न उरला.

तो प्रश्न सुटायला जेवढा काळ लागला, तेवढ्यात माझ्या कचेरीतल्या दोघांची लग्नं ठरून, होऊन, बारशीसुद्धा उरकली. छपाईची मशीनं विकणारे लोक आपल्या दुकानात पोपटाचं किंवा फळांच्या परडीचं चित्र छापून दाखवतात. साडूंना पोपट चालत नसे. ते घरून केळीचं ताजं पान घेऊन जायचे. बसमध्ये ते पान गुंडाळून मांडीवर धरायचं, दुकानात टेबलावर पसरायचं, आणि म्हणायचं, "हें छापून दाखवा." पहिल्या दुकानदाराला वाटलं, हे गृहस्थ जेवायलाच आले. छापून झालं की कागद आणि पान शेजारी ठेवून साडू दोन्हींकडे असे बघत बसत, की बघणाऱ्याला संकोच वाटावा. मग मशीनला कान लावून त्याचं ऐकायचे, शाईच्या बाटलीचं बूच काढून वास घ्यायचे, आणि नकार कळवायला उद्या येतो म्हणून निघायचे. मुलगी बघायला जाणारी माणसंसुद्धा ह्याहून लवकर नाही म्हणतात. कागद त्यांनी जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारातून गोळा केले होते. तिथले व्यापारी त्यांना लांबून येताना पाहिलं की जेवायची सुट्टी करत.

शायांच्या तीन जाती असतात, हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पहिली साधी, पाण्यातली. रंग गोड, वास नाही. पण चेन्नईतल्या भिंतींना घाम फुटतो आणि त्या घामात ती ओघळते. दुसरी रॉकेलच्या भावकीतली. ऊन, पाणी, खारा वारा, कशाला दाद देत नाही. रस्त्यावरचे पुढाऱ्यांचे फलक हिच्यातच छापतात. पण हिचा उग्र वास खोलीतून कित्येक आठवडे हलत नाही. तिसरी पुन्हा पाण्यातलीच, पण रंगाची बारीक पूड असलेली. ओघळत नाही, वास मारत नाही. मात्र महाग, सावकाश, आणि कागदही खास लेप दिलेलाच मागणारी. ह्या तिघींची परीक्षा घ्यायला साडूंनी छापलेल्या पट्ट्या सगळ्या नातेवाइकांच्या घरी चिकटवल्या. आमच्या न्हाणीघरात एक, गॅसच्या मागे सांबाराच्या वाफेत एक, आणि सोफ्याच्या मागे एक. ह्या शहरात प्रत्येक घरी भिंतीवर तेल लावलेल्या डोक्याचा एक डाग असतोच. तो डाग सोसेल तोच कागद इथं टिकेल, असा साडूंचा सिद्धांत होता. त्यासाठी दर रविवारी येऊन ते माझ्या डोक्यावर खोबरेल थापत आणि "टेका राव, टेका" म्हणून मला पट्टीला डोकं लावून बसवत. समुद्राच्या वाऱ्याची परीक्षा घ्यायला चेन्नईजवळच्या कोवलमच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये पट्ट्या लावल्या होत्या. त्या बघून ते बसनं परत आले की अक्का त्यांना मागच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे.

ह्या सगळ्यातून निकाल असा लागला, की धंदा करायचा तर दुसरी शाई. कोवलमच्या वाऱ्यात फक्त तीच टिकली होती. साडूंनी एका विक्रेत्याला शब्द दिला. बाजारानं सुटकेचा निश्वास टाकला, माझ्या डोक्यानंही टाकला. आणि त्याच सुमारास अक्काचा खोकला थांबेना. आधी पावसाळी हवा म्हणून, मग धूळ म्हणून औषधं झाली. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. ती पुन्हा सैल व्हायची नाहीत. जपायचं, एवढंच हातात आहे. धूर, धूळ, उग्र वास ह्यांच्यापासून लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू विक्रेत्याकडे गेले आणि शब्द मागे घेतला. त्याच्या जागी तिसऱ्या शाईचं मशीन सांगून आले. मी धंद्याच्या बाजूनं समजावायला गेलो. म्हटलं, दादा, हे मशीन दिवसाला जेमतेम एक भिंत छापणार, कागद परवडायचा नाही, गिऱ्हाईक थांबणार नाही. फार तर शेड दुसरीकडे भाड्यानं घ्या. ते म्हणाले, "शेड दुसरीकडे घेतली तर मीही दुसरीकडे असणार. आणि तो वास अंगाला लागूनच मी घरीं येणार." मग जरा थांबून म्हणाले, "राव, गिऱ्हाईक दुसरें भेटतें." वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्यांनी उच्चारला नाही. केळीचं पान घेऊन दोन वर्षं मशीनं नाकारणाऱ्या माणसानं ही निवड एका रात्रीत केली होती, आणि मला त्या दिवशी त्यांच्याविषयी जे वाटलं ते त्यांना मी कधी सांगू शकलो नाही.

मशीन आलं. पूजा झाली. पहिली कामंही आली. आणि हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. साडूंच्या शेडमधून निघणारं सगळं जग निळं पडत होतं. अगदी निळंभोर नाही, पण दिवेलागणीला अंगण दिसतं तसं. एका गिऱ्हाइकानं आपल्या आजी-आजोबांचा जुना रंगीत फोटो भिंतभर मोठा करून घेतला, तर दोघं हुडहुडी भरल्यासारखे दिसायला लागले. ओरगडमच्या एका छोट्या कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यासाठी आंबराई छापली. तिथल्या मॅनेजरनं भिंतीकडे पाहून विचारलं, "सार, ही बाग आहे की समुद्राचा तळ?" साडू त्याला म्हणाले, "टीव्ही बघून तुमचे डोळे बिघडले." सगळा दोष ते पिवळ्या शाईला देत. ती आगाऊ आहे, कितीही कमी करा, पुढे पुढे करते. प्रत्येक छपाईत पिवळी शाई ते आणखी थोडी कापत. हिरवा रंग निळ्या आणि पिवळ्याच्या संसारातून होतो. त्यातली पिवळी माहेरी पाठवल्यावर काय उरणार? पण हे त्यांना कोण सांगणार? मी एकदा भीतभीत म्हटलं, "दादा, जरा निळं वाटतंय का?" त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेनं पाहिलं. "राव, तुम्ही हिशेब बघा."

केळीचं पान शेजारी ठेवणं त्यांनी एव्हाना सोडलं होतं. पान आता पाठ झालं म्हणायचे. समोरच्या फोटोशी रंग जुळवायचा नाही, आपल्या आठवणीशी जुळवायचा, हाच त्यांचा बाणा होता. आम्ही त्याला हट्ट समजलो. जुना तपासनीस, वय झालं, अहंकार वाढला, असं आम्ही घरी बोलायचो. ह्या माणसाचा डोळाच चुकत असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सूर्य उगवला नसेल अशी शंका कोण घेतो?

इकडे अक्का अंथरुणाला लागली. खाटेजवळ ऑक्सिजनचं नळकांडं, नाकाला नळी. खोलीच्या खिडकीतून पूर्वी एक चिंच दिसायची. ती तोडून तिथे फ्लॅटची इमारत उठली होती आणि खिडकीत आता सिमेंटच तेवढं होतं. एकदा ती मला म्हणाली, "राव, आमच्या घरामागलें शेत एकदां बघायचें होतें. लावणी होऊन भात जरा उभें राहतें ना, तेव्हांचें." तंजावरपर्यंतच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नकार दिला. साडू खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते. ते शेडमध्ये गेले आणि टेप आणून समोरच्या भिंतीचं माप घेऊ लागले.

आम्ही दोघं तंजावरकडच्या त्या गावी गेलो. मी कचेरीतल्या मित्राचा कॅमेरा आणला होता. साडू म्हणाले, "आकार तुमचा कॅमेरा घेईल. रंग मी घेतों." सकाळच्या उन्हात ते चपला काढून बांधावर उभे राहिले आणि शेताकडे बघत राहिले. मी फोटो काढले, कालव्याकडे जाऊन आलो, नारळाच्या सावलीत बसून डबा खाल्ला. हे आपले उभेच. शेवटी एक शेतकरी सायकलवरून उतरून माझ्याजवळ आला आणि हळूच विचारू लागला, की हे सार जमीन विकत घेणार आहेत का. मी म्हटलं, नाही, पाठ करताहेत. तो डोकं हलवत निघून गेला. परतीच्या बसमध्ये भरलेली घागर घेऊन चाललेल्या माणसासारखे ते बसले होते.

पुढचे कित्येक दिवस शेडमधून मशीनचा आवाज येत होता. छापायचं, बघायचं, फाडायचं. अक्का खाटेवरून विचारायची, "झालें का?" आणि ते ओरडून सांगायचे, "पिवळी ऐकत नाहीं!" अखेर एक दिवस निरोप आला. मी आणि माझी बायको गेलो. अक्काला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पट्ट्या चिकटवायला सुरुवात झाली. पहिली पट्टी वरून खाली सोडली. बांध होता, कालवा होता, लांबवर नारळाची रांग होती, सगळं जागच्या जागी होतं. आणि भात निळं होतं. खळीचा ब्रश हातात घेऊन मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. साडू शिडीवर चढून पट्टीला पट्टी अशी जुळवत होते की सांधा बोटाला लागत नव्हता. ते गुणगुणत होते. इतक्या वर्षांत त्यांना गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

अक्काला खुर्चीवरून आत आणलं. ती बराच वेळ बघत राहिली. साडू भिंतीजवळ, हातांना खळ लागलेली, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे उभे. जन्मभर दुसऱ्यांना पास-नापास करणारा हा माणूस पहिल्यांदा निकालाची वाट बघत होता. माझी बायको काही बोलायला गेली, तेव्हा अक्कानं हळूच तिचा हात दाबला.

"बेस आहे," अक्का म्हणाली. "अगदीं आमचेंच शेत."

"रंग?" साडूंनी विचारलं.

"रंग तर पुष्कळच बेस आहे."

साडू घाईघाईनं हात धुवायला मागच्या नळावर गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

ते बाहेर असताना अक्का आम्हाला म्हणाली, "ह्यांस कोणी सांगूं नका." बोलताना तिला दम लागत होता. माझी बायको रडत होती. तिला म्हणाली, "हिरवें मी जन्मभर पाह्यलें गं. तें माझ्यापाशीं आहे. हें ह्यांनी केलें, तें बघूं दे मला." मग माझ्याकडे वळून, जरा हसून, "राव, तुम्ही फार चांगलें खोटें बोलायला शिका."

आम्ही शिकलो. नुसते आम्हीच नाही, सगळी गल्ली शिकली. जो कोणी अक्काला भेटायला येई, त्याला मी फाटकाशी गाठून पढवत असे. दूधवाला, इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, अक्काच्या भजनाच्या बायका, सगळे त्या भिंतीसमोर उभे राहून हिरव्या रंगाची तारीफ करत. शेजारच्या मामी "एन्न पच्चै, एन्न पच्चै!" म्हणजे काय हा हिरवेपणा, असं दोनदा म्हणाल्या आणि कॉफीचं निमित्त करून स्वयंपाकघरात डोळे पुसायला गेल्या. साडू प्रत्येक वेळी दारात उभे राहून ऐकत. धंदा जवळजवळ बसला होता, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हतं असं समाधान होतं. अक्का पाहुण्यांना बोटानं दाखवी: ह्या वाटेनं आम्ही शाळेस जायचों, येथे माझ्या बापाचा मळा संपे. संध्याकाळी साडू खाटेशी खुर्ची घेऊन बसत आणि दोघं शेताकडे बघत. एकाच भिंतीकडे बघत असले तरी दोघं एकच शेत बघत नव्हते, आणि हे दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

मार्गळीच्या, म्हणजे तमिळ मार्गशीर्षाच्या दिवसांत, बाहेर दारोदार पहाटे मोठमोठ्या रांगोळ्या पडत असताना अक्का गेली. तिचं तोंड भिंतीकडेच होतं.

साडूंनी मशीनवर चादर टाकली ती पुन्हा काढली नाही. माणूस एकदम लहान झाला. भाजीवालीच्या टोपलीकडे बघेनासे झाले. कढीलिंब कसाही असो, पास. पुढे काही महिन्यांनी त्यांनी भर दुपारी उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरला स्कूटर धडकवली. फार लागलं नाही, पण एवढा मोठा टँकर कसा दिसला नाही म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. तपासून झाल्यावर त्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. म्हणाले, डोळ्याचं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं, आणि माणूस जणू चहाच्या पेल्यातून जग बघतो. निळा रंग आतपर्यंत पोचतच नाही. हे हळूहळू होतं, आणि ओळखीच्या गोष्टींना मन जुनाच रंग देत राहतं, म्हणून त्याला स्वतःला कळत नाही. ह्यांचं काही वर्षांपासून चालू असणार. मी डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट हातात घेऊन बसलो होतो. तो खाली ठेवायचं मला सुचेना.

आधी उजवा डोळा करायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी माझी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावोजी घरी यायच्या आत ती भिंत काढून टाकू. त्यांना ते दिसता कामा नये." आम्ही बादली आणि खरवडायची पट्टी घेऊन आंबत्तूरला गेलो. मी एक कोपरा भिजवला. बायको अक्काच्या रिकाम्या खाटेवर बसून भिंतीकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मला नाही जमणार. अक्का शेवटपर्यंत हेच बघत होती." मी कोपरा फडक्यानं टिपून पुन्हा चिकटवला, आणि आम्ही दार लावून परत आलो.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी साडूंना मी रिक्षानं घरी आणत होतो. इतक्या महिन्यांनी त्यांना उत्साह आलेला होता. "राव, तुमचा सदरा निळा आहे! मी त्यास राखी समजत होतों!" दवाखान्याच्या भिंती पांढऱ्या आहेत ह्याचंच त्यांना केवढं कौतुक. आभाळ, शाळेच्या मुलींच्या रिबिनी, पुढाऱ्यांच्या फलकांमागचं निळं, सगळं ते मोठ्यानं वाचत होते. रिक्षावाला आरशातून हसत होता. मला मात्र आंबत्तूर जवळ यायला नको होतं. आजवर इतके हिशेब तपासले, पण पुढची रक्कम काय निघणार हे आधीच माहीत असून पान उलटायची अशी भीती कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर ते सरळ त्या खोलीत गेले. रोजच जात. मी त्यांच्या मागे दारात थांबलो.

ते भिंतीजवळ जाऊन एका सांध्यावर बोट ठेवून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "हें असेंच होतें?"

"हो दादा."

"पहिल्यापासून?"

"हो."

"तिला असेंच दिसत होतें?"

मी हो म्हणालो. त्याशिवाय दुसरं काय म्हणणार? ते खाटेच्या कडेवर बसले. "राव," ते म्हणाले, "असला रंग मी माझ्या नोकरींत एकदांही पास केला नसता." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "आणि तिनें केला." मी त्यांच्याजवळ बसलो. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते मला आठवत होतं, पण मी तरी कुणाला सांगणार होतो? मीही रडतच होतो. त्यांनी एवढंच विचारलं, की ती कधी कंटाळली का त्या निळ्याला. मी म्हटलं, नाही. हे मात्र मी खरं सांगितलं.

महिन्याभरानं डावा डोळा करायचा होता. ठरल्या दिवशी साडू गेलेच नाहीत. पुढची तारीख घेतली, तीही चुकवली. डॉक्टर माझ्यावर चिडले, माझी बायको साडूंवर चिडली, आणि साडूंनी सगळ्यांना "सेरी, सेरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून वाटेला लावलं. मला वाटलं, नवीन खूळ. एका संध्याकाळी न सांगता गेलो, तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. साडू अक्काच्या खाटेसमोर खुर्चीवर बसले होते. त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला होता आणि जुन्या, मोतीबिंदूच्या डोळ्यानं ते भिंतीकडे बघत होते. थोड्या वेळानं हात काढला, डावा डोळा झाकला, आणि पुन्हा तितकाच वेळ बघत राहिले. मी पायरीवरूनच मागे फिरलो. त्या एका डोळ्याला ते शेत अजून हिरवं दिसत होतं. तिला जे द्यायचं होतं ते त्यात होतं. दुसऱ्यात तिनं जे घेतलं ते. दोन्ही त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी दोन्ही डोळे वेगवेगळे राहायला हवे होते. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना सांगता आली असती, पण डॉक्टरांनी ती कुठल्या रकान्यात लिहिली असती?

पुढे मी निवृत्त होऊन साताऱ्याला परतलो. अधूनमधून फोन होतो. त्यांचं मराठी आता आणखी जुनं, आणखी तमिळ झालंय. बोलायला तिथे कुणी उरलं नाही. प्रकृती, पाऊस, आंबत्तूरच्या रस्त्यांचे खड्डे असं बोलून झालं की मी भिंतीविषयी विचारत नाही, तेच आपणहून सांगतात. मागच्या खेपेस म्हणाले, "डाव्या डोळ्यानें आतां फारसें कांहीं दिसत नाहीं, राव. सकाळचें ऊन खोलींत आलें म्हणजे थोडें हिरवें येतें, इतकेंच." मी ऑपरेशनचं काही बोललो नाही. इकडे कसं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इकडे भाताची लावणी चाललीय.